आपत्तीतील मुलांचा पालक कोण?

पनवेलहून जुन्या महामार्गाने खोपोलीकडे निघाले की चौक गावाच्या अलीकडे डाव्या हाताला इरशाळगडाचा सुळका दिसू लागतो. त्या सुळक्यातील नेढे पाहण्यासाठी मुंबई-पुण्याचे हौशी गिर्यारोहक वर्षानुवर्षे येथे येत असत आणि वाटेत इरशाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर पाणी पिऊन पुढे जात असत. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा कोसळला आणि ही वस्ती मातीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता येत नव्हती, पाऊस उघडीप देत नव्हता. मदतीसाठी चढून जाताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने अंत झाला. त्या दिवसांत जवानांनी, गिर्यारोहकांनी, डॉक्टरांनी आणि साध्या गावकऱ्यांनी जे केले, त्याविषयी कृतज्ञतेखेरीज दुसरे काही लिहिण्याचे कारण नाही.

परंतु या दुर्घटनेची एक बाजू अशी आहे की तिच्याकडे अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. वस्तीतील बरीच मुले त्या रात्री आश्रमशाळांच्या वसतिगृहांत होती, म्हणून ती वाचली. शिक्षणाने मुलांचे आयुष्य घडते असे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. येथे ते शब्दशः वाचले. मात्र सकाळी त्यांना जे कळले ते असे की परतण्यास घर नाही, घरात कोणी नाही, आणि कित्येकांच्या बाबतीत आईवडिलांचे अखेरचे दर्शनही नाही. मोठ्या माणसाचे घर गेले तर तो भरपाई मागतो, अर्ज करतो, प्रसंगी मोर्चा काढतो. मुलाला यांतील काहीच करता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारे जे होते, तेच दरडीखाली गेलेले असतात. म्हणूनच एक साधा प्रश्न विचारणे भाग आहे. आपत्तीनंतर या मुलांचा पालक कोण? कायद्याने, नावानिशी, आणि दहा वर्षांनंतरही जाब विचारता येईल असा पालक कोण?

दुर्घटनेनंतरच्या आठवड्यात या प्रश्नाला उत्तरे देणारे पुष्कळ होते. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आईवडील गमावलेल्या मुलांचे पालकत्व आपल्या कुटुंबाच्या प्रतिष्ठानामार्फत स्वीकारण्याची घोषणा केली. अनेक सेवाभावी संस्थांनी वह्या, कपडे, शिष्यवृत्त्या देऊ केल्या. या घोषणांमागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दुःख पाहून माणसाचे मन द्रवते हे समाज जिवंत असल्याचे लक्षण आहे. पण सद्भावना आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सद्भावना देणाऱ्याच्या इच्छेवर चालते. जबाबदारी घेणाऱ्याच्या हक्कावर उभी असते. सहा वर्षांच्या मुलीला सज्ञान होण्यास बारा वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात दोन विधानसभा निवडणुका येऊन जातात. संस्थांचे विश्वस्त बदलतात, देणगीदारांचे लक्ष दुसऱ्या आपत्तीकडे वळते. त्या मुलीची दहावीची परीक्षा मात्र तिच्या वेळेवरच येते.

मग शासनाकडे यंत्रणा नाही काय? यंत्रणा आहे, आणि खरी अडचण ती एक नसून अनेक असण्यात आहे. नुकसानभरपाई महसूल खात्याकडे. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, म्हणजे रायगडपुरते बोलायचे तर पेणच्या प्रकल्प कार्यालयाकडे. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे. अंगणवाडी, बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष महिला व बालविकास खात्याच्या कक्षेत. आजारपण आणि मनावरचा आघात आरोग्य खात्याकडे. नवी घरे बांधण्याचे काम सिडकोकडे. प्रत्येक खाते आपल्या वाट्याचे काम प्रामाणिकपणे करील असे गृहीत धरले, तरी ही सारी कामे एका मुलाच्या आयुष्यात एकत्र यावयाची असतात आणि ती एकत्र आणण्याचे काम कोणाकडेच नसते. बारभाईची खेती, काय येई हाती, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेतीच्या बाबतीत तिचा अर्थ एक हंगाम बुडाला एवढाच होतो. मुलाच्या बाबतीत बालपण बुडते, आणि त्याचा हंगाम पुन्हा येत नाही.

एक उदाहरण घ्यावे. ज्याचे शव सापडले नाही त्याच्या मृत्यूचा दाखला सहजी मिळत नाही. कारण बेपत्ता माणसाला मृत मानण्यासाठी सर्वसाधारण कायदा सात वर्षांची मुदत सांगतो. दाखला नाही तर वारस ठरत नाही. वारस ठरला नाही तर भरपाईची रक्कम, घराचा हक्क, बँकेतील पैसा, सारेच अडते. शासनाला विशेष निर्णय घेऊन हा अडसर दूर करता येतो. पण तो निर्णय प्रत्येक मुलाच्या कागदपत्रांपर्यंत पोचला की नाही, हे पाहण्यासाठी कार्यालयांचे उंबरे झिजवणारा कोणीतरी लागतो. हे काम वडील करतात. वडील नसतील तर ते कोणी करावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

जगापुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता आणि तो सोडविण्यास त्याला दीर्घ काळ लागला. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत ऑस्ट्रियातील उपाशी मुलांची छायाचित्रे छापलेली पत्रके लंडनमध्ये वाटल्याबद्दल एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंना १९१९ साली अटक झाली आणि दंडही झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, ११ डिसेंबर १९४६ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने ‘युनिसेफ’ची स्थापना केली. तिचे पहिले प्रमुख मॉरिस पेट यांनी पद स्वीकारताना एक अट घातली: जित असोत वा जेते, सर्व देशांतील मुलांना मदत मिळाली पाहिजे. मुलाला शत्रुपक्ष नसतो हे तत्त्व अशा रीतीने जगाने मान्य केले. पण तत्त्व मान्य झाल्याने व्यवस्था उभी राहते असे नाही. पुढील अर्धशतकात भूकंप, दुष्काळ, यादवी असे काहीही घडले की डझनावारी संस्था धावत आणि एकाच ठिकाणी दूध, तर दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही, असे दृश्य दिसे. २००४ ची त्सुनामी आणि सुदानच्या दारफूर प्रांतातील हाहाकार यांनी हा गोंधळ चव्हाट्यावर आणला.

त्यानंतर २००५ साली आंतरराष्ट्रीय मदतकार्याची एक सुधारणा करण्यात आली. ती वरवर पाहता रुक्ष, कारकुनी स्वरूपाची वाटेल, पण तिचे महत्त्व मोठे आहे. अन्न, पाणी, निवारा, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रासाठी एक अग्रणी संस्था आधीच नेमून ठेवावयाची. पोषण आणि पाणी-स्वच्छता यांचे अग्रणीपद युनिसेफकडे आले; शिक्षणाचे युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन यांच्याकडे संयुक्तपणे; मुलांच्या संरक्षणाचेही युनिसेफकडेच. अग्रणी असणे म्हणजे सर्व काही स्वतः करणे नव्हे. कोण काय करीत आहे याची नोंद ठेवणे, उणीव कोठे आहे ते शोधणे, आणि दुसरे कोणीही पुढे आले नाही तर ते काम आपल्या अंगावर घेणे, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काश्मीरच्या नियंत्रणरेषेपलीकडे भूकंप झाला तेव्हा ही पद्धत प्रथम वापरण्यात आली. ती निर्दोष आहे असे कोणीच म्हणणार नाही. २०२३ पासून सुदान आणि गाझा येथे बंदुकांनी मदतीच्या वाटा अडवल्या, तेव्हा अग्रणी संस्थाही हतबल झाल्या. २०२५ साली अमेरिकेने आपली परराष्ट्र साहाय्य संस्थाच गुंडाळली आणि मदतीचा एक मोठा झरा आटला. तरीही जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला जगाने निदान एक नाव देऊन ठेवले आहे. रायगड जिल्ह्यात वाटेत सैन्य उभे नाही. येथे वाट अडते ती टेबलावर.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याची गरजही नाही. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून या कुटुंबांना सैबेरियात व अन्यत्र हद्दपार केले होते. तेथून सुटून, इराणमार्गे, हजारो मैलांचा प्रवास करून ती कोल्हापूर संस्थानाच्या आश्रयास आली. लंडनमधील पोलंडच्या परागंदा सरकारने खर्चाचा भार उचलला. वळिवड्याच्या छावणीत दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, आणि मुख्य म्हणजे शाळा होत्या. पोलिश शिक्षक पोलिश भाषेत शिकवीत. जगभर फेकल्या गेलेल्या या मुलांना आपली भाषा आणि आपला अभ्यासक्रम मिळाला. म्हणून त्यांचे बालपण दुभंगले तरी तुटले नाही. म्हातारपणी त्यांतील कित्येकजण कोल्हापूर पाहण्यास परत आले, आणि पोलंडच्या राजधानीत वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे.

या कथेचा अभिमान बाळगताना तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. ज्या १९४३ साली वळिवड्यास छावणी उभी राहत होती, त्याच साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. एकाच राजवटीच्या छत्राखाली एका मुलाला शाळा मिळाली आणि दुसऱ्याला शिळे अन्नही मिळाले नाही. पोलिश मुलांना मिळाले ते अधिक होते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्यांच्यासाठी उत्तरदायी असणारे कोणीतरी होते आणि बंगालच्या मुलांसाठी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे. दयेचा साठा त्या वेळीही कमी नव्हता. कमतरता होती ती ज्याला जाब विचारता येईल अशा माणसाची.

स्वतंत्र महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले पुण्यास आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वर्षानुवर्षे ती निभावली, हे विशेष. एका संस्थेने एक काम स्वतःचे मानले तर काय होऊ शकते याचा तो पुरावा आहे. पण तो संस्थेच्या निश्चयाचा पुरावा आहे, व्यवस्थेचा नव्हे. असा निश्चय दर आपत्तीत कोणी ना कोणी करीलच, या भरवशावर राज्य चालविता येत नाही. शिवाय ठाकर, कातकरी यांच्यासारख्या समाजातील मूल गावापासून, बोलीपासून आणि चुलत्या-मामापासून फार दूर नेले तर त्याला अन्न आणि शिक्षण मिळूनही ते एकाकी पडण्याचा धोका राहतो. म्हणून मुलांना हलविण्याचा निर्णय घाईने घ्यावयाचा नसतो.

त्सुनामीनंतर तमिळनाडूने या बाबतीत जे शहाणपण दाखविले ते लक्षात घेण्यासारखे आहे. देशातून आणि परदेशांतून अनाथ मुले दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची रीघ लागली असता शासनाने त्या घाईला आवर घातला. नागपट्टणम येथे मुलांसाठी शासकीय निवास सुरू झाला आणि तेथील जिल्हाधिकारी जे. राधाकृष्णन यांनी बदली झाल्यावरही त्या मुलांशी संबंध तोडला नाही. याउलट २०१० साली हैतीमधील भूकंपानंतर एका परदेशी धर्मादाय गटाने ३३ मुले ‘अनाथ’ म्हणून सीमेपलीकडे नेण्याचा प्रयत्न केला. पुढे उघड झाले की त्यांतील अनेकांचे आईवडील जिवंत होते. आपत्तीच्या वेळी मूल हे सर्वांत सहज उचलता येण्याजोगे असते. उपकार करणाऱ्यालाही आणि अपकार करणाऱ्यालाही. म्हणूनच २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की पालक नसलेले मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आले पाहिजे. ही तरतूद कागदावर उत्तम आहे. पण मुसळधार पावसात, रस्ता नसलेल्या डोंगरावर, पहिल्या २४ तासांत ती कोणी अमलात आणावयाची, याचे उत्तर कायद्यात नव्हे, जिल्ह्याच्या तयारीत सापडले पाहिजे.

अशी तयारी अशक्य आहे काय? मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनामुळे आईवडील गमावलेल्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. विविध खात्यांचे अधिकारी एका टेबलाभोवती आले, मुलांच्या याद्या झाल्या, आणि दोन्ही पालक गमावलेल्या प्रत्येक मुलाच्या नावे पाच लाख रुपये ठेवण्याचा निर्णय पुढच्याच महिन्यात झाला. म्हणजे इच्छा असेल तर खात्यांच्या भिंती काही आठवड्यांत ओलांडता येतात. प्रश्न एवढाच की दर वेळी मृत्यूने दार ठोठावल्यावरच आपण टेबल का मांडावे? रायगड जिल्ह्यापुरते पाहिले तरी १९८९ चा जांभूळपाड्याचा पूर, जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव येथे कोसळलेल्या दरडी, २२ जुलै २०२१ ची तळिये येथील दुर्घटना आणि त्यानंतर दोनच वर्षांनी इरशाळवाडी. प्रत्येक वेळी महिना जुलैचा. जी आपत्ती पंचांगासारखी येते तिला आकस्मिक म्हणणे हे आपल्या आळसाचे सभ्य नाव आहे.

यासाठी नवे महामंडळ नको, नवे पदही नको. प्रत्येक वर्षी १ जूनपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढून जिल्ह्यासाठी एक आणि प्रत्येक तालुक्यासाठी एक, असे विद्यमान अधिकाऱ्यांतूनच ‘मुलांसाठी उत्तरदायी अधिकारी’ नेमावेत आणि त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. दरडीचा धोका असलेल्या प्रत्येक वाडीतील मुलांची यादी अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांच्याकडून करून घ्यावी. त्यात जवळच्या नातेवाइकांची नावे असावीत आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांची वेगळी नोंद असावी. तिची एक प्रत वाडीबाहेर ठेवावी. आपत्तीनंतर मूल शक्यतो आपल्या नातेवाइकांकडेच राहील असे पाहावे. शासनाची बालसंगोपन योजना अशा मुलासाठी दरमहा २२५० रुपये देते. तो अर्ज नातेवाइकाने नव्हे, त्या अधिकाऱ्याने भरावा. भरपाईची रक्कम मुलाच्या नावे सुरक्षित राहिली आहे याची दरवर्षी तपासणी व्हावी. तात्पुरत्या निवाऱ्यात पहिला वर्ग पंधरा दिवसांच्या आत भरावा, कारण मुलाच्या दृष्टीने शाळेची घंटा वाजणे हीच जग पुन्हा जागेवर येत असल्याची पहिली खूण असते. आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या प्रगतीचा वार्षिक अहवाल जिल्हा परिषदेच्या सभेपुढे यावा. त्यात मुलाचे नाव जाहीर होऊ नये. अधिकाऱ्याचे जरूर व्हावे.

यावर असे म्हटले जाईल की अधिकारी आधीच कामाने दबलेले आहेत. आणखी एका आदेशाने काय होणार? आक्षेप खोटा नाही. मात्र आज तेच काम सहा खात्यांत विखुरलेले आहे, आणि विखुरलेले काम दुप्पट श्रम घेते. दुसरा आक्षेप असा की आदिवासी समाज आपल्या मुलांना कधी उघड्यावर टाकीत नाही, नातेवाईक सांभाळतातच. हेही खरे आहे, आणि त्या समाजाला ते भूषणावह आहे. पण ज्या मामाच्या घरात स्वतःची चार मुले आहेत आणि पोट मजुरीवर आहे, त्याच्या चांगुलपणावर शासनाने आपली जबाबदारी ढकलून मोकळे होणे हे कोणालाच भूषणावह नाही.

पनवेल हे आज महानगर होत आहे. येथून द्रुतगती मार्ग जातो, कोकणाची गाडी जाते, २०२५ मध्ये विमानतळाचेही उद्घाटन झाले. शहराच्या पूर्वेस मात्र त्याच डोंगरांच्या कुशीत अजून वाड्या आहेत आणि त्या वाड्यांतील मुले पाऊस लागला की आईवडिलांसह तेथेच झोपतात. पनवेलमधील शिक्षक सुटीच्या दिवसांत अशा एका वाडीची यादी तयार करण्यास मदत करू शकतो. कचेरीतील कारकून एखाद्या मुलाच्या कागदावर ‘त्रुटी’ असा शेरा मारण्याऐवजी ती त्रुटी भरून काढू शकतो, आणि महाविद्यालयीन विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपत्तीनंतरच्या शाळेचे काम निवडू शकतो. या कामांसाठी कोणाच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही. पण त्या सर्वांना विचारता येईल असे एक नाव मात्र फलकावर असले पाहिजे. येत्या १ जूनला आपल्या ग्रामपंचायतीच्या वा तहसील कचेरीच्या फलकासमोर उभे राहून ते नाव शोधावे. ते नसेल तर का नाही, हे लेखी विचारावे. इरशाळवाडीच्या मुलांना हा प्रश्न त्या सकाळी विचारता आला नाही.